ओव्हिदचे आठ

आमच्या शेनिएर गावात मे महिना लागला की लोक एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. "कितवे?" एवढंच विचारतात. समोरचा "आठवे" किंवा "नववे" म्हणतो आणि पुढे चालू लागतो. विषय अर्थातच आमच्या विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा. मोसमाअखेरच्या मोठ्या स्पर्धेत देशभरातले चौसष्ट संघ जातात, आणि त्यांतले वरचे आठ मानांकित दोन्ही आठवडे आपल्या घरच्या मैदानावर खेळतात. नवव्याला पहिला आठवडा घरी मिळतो, दुसऱ्या आठवड्यात बोचकं बांधून परगावी जावं लागतं. आठवा तो यजमान, नववा तो पाहुणा. आणि पाहुणे म्हणून गेलेले आमचे ‘बगळे’ आजवर एकदाही जिंकून परतलेले नाहीत.

हे आठ कोण, ते मेच्या शेवटच्या सोमवारी एक समिती टीव्हीवर जाहीर करते. पण शेनिएरमध्ये असं मानतात की समितीला कळायच्या आधी ते ओव्हिद मेलान्सोंला कळतं.

ओव्हिद अडुसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं त्याने सरकारी नोकरीत बायूच्या, म्हणजे गावालगतच्या संथ दलदली ओढ्याच्या, पाण्याची पातळी मोजली. पुलाखाली रोवलेली मापपट्टी वाचायची, वहीत आकडा लिहायचा, आणि पाणी किती चढेल ते वर कळवायचं, एवढंच काम. पण ते त्याने असं केलं की एकदा पुराच्या वर्षी गावची जत्रा बुडू नये म्हणून खुद्द परगण्याचा प्रमुख त्याच्या दारात येऊन "अर्धा फूट कमी लिही रे बाबा" म्हणून गयावया करून गेला, तरी ओव्हिद बधला नाही. "काठी जे दाखवते ते मी लिहितो," असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. जत्रा रद्द झाली. पूर आला तो नेमका त्याने सांगितला तेवढाच आला. त्या दिवसापासून गावात ओव्हिदचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

निवृत्त झाल्यावर मोजायला पाणी उरलं नाही, म्हणून त्याने बेसबॉल मोजायला घेतला. गावच्या साप्ताहिकात दर गुरुवारी त्याची चौकट येते, ‘ओव्हिदचे आठ’. गेल्या वर्षी त्याचे आठच्या आठ बरोबर आले. देशात असे चौघंच निघाले, आणि बाकीच्या तिघांना त्या कामाचा पगार मिळत होता. तेव्हापासून बूदें नावाच्या सॉसेजच्या दुकानात ओव्हिदला रांगेत उभं राहावं लागत नाही. दुकानदार आधी त्याला गरम सॉसेज देतो, मग कितवे ते विचारतो.

यंदा मात्र ओव्हिदने जरा वेगळंच धाडस केलं होतं. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, जेव्हा आमच्या बगळ्यांना कोणीही पहिल्या पंधरात धरत नव्हतं, त्याने त्यांना आठवं लिहिलं.

"माया आंधळी असते म्हणतात," ल्यूशियन दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला. ल्यूशियन म्हणजे ओव्हिदचा शाळेपासूनचा मित्र, आणि मित्राला टोचायचा हक्क त्याने पन्नास वर्षांत एकदाही वाया घालवलेला नव्हता. "पण तुझ्या मायेला गुणाकारही येतो, हे मला नवीन आहे."

"काठी जे दाखवते ते मी लिहितो," ओव्हिद म्हणाला.

"काठीला विचार, तिने चष्मा कधी बदलला."

सगळे हसले. ओव्हिद हसला नाही. घरी येऊन त्याने सगळी गणितं पुन्हा केली आणि पुन्हा आठवंच आलं. मग बगळे जिंकत सुटले, आणि मेच्या मध्यावर खरोखरच आठवे येऊन बसले. ल्यूशियनने दुकानात स्वतः उठून ओव्हिदला खुर्ची दिली. ओव्हिद हरभऱ्याच्या झाडावर चढला तो इथे, आणि चढवणारा एकटा ल्यूशियन नव्हता. चढणाऱ्याचीही हौस होतीच.

अशात एका शनिवारी सकाळी कर्टिस ट्राहान त्याच्या घरी आला. ट्राहान विद्यापीठाच्या क्रीडा खात्यात सामन्यांच्या तारखा ठरवायचं काम करतो. गोरागोमटा, सतत घामेजलेला, आणि कोणतीही गोष्ट सरळ न विचारणारा माणूस. आधी त्याने टोमॅटोची रोपं बघितली, मग कॉफी घेतली, मग कुत्र्याची चौकशी केली. कुत्रं मरून दोन वर्षं झाली होती.

"मिस्टर ओव्हिद, मंगळवारी आपला सेंट ओदीलशी सामना आहे," शेवटी तो म्हणाला.

"माहीत आहे."

"सेंट ओदील यंदा नऊ सामने जिंकलंय."

"आणि अडतीस हरलंय. तीनशे संघांत दोनशे अठ्ठ्याऐंशीवं."

"तुम्हाला सगळं तोंडपाठ," ट्राहान म्हणाला आणि कपाळ पुसलं. "म्हणून म्हटलं, जरा बघता का. खेळलो तर काय, न खेळलो तर काय."

आता या खेळातली मेख अशी आहे की निर्देशांक नावाचा एक आकडा असतो, आणि समिती त्याच्यावरून नजर हलवत नाही. तुम्ही किती जिंकलात याला त्यात चार आणे. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते किती जिंकले, याला आठ आणे. ते ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले, याला उरलेले चार आणे. म्हणजे गरिबाशी खेळून तुम्ही त्याला वीस-शून्य लोळवलं, तरी त्याची गरिबी तुम्हाला चिकटते आणि तुम्ही खाली घसरता. जिंकून नुकसान होतं असा धंदा जगात दुसरा नसेल. म्हणून मोसमाच्या शेवटी शेवटी मोठ्या विद्यापीठांत अचानक हवामान बिघडायला लागतं, आणि ते नेमकं मंगळवारी बिघडतं, नेमकं गरीब पाहुणा येणार असताना.

"उद्या सांगतो," ओव्हिद म्हणाला.

ट्राहान जाऊन तास झाला नसेल, तोच समोरच्या घरातून नोएला रस्ता ओलांडून आली. नोएला म्हणजे ओव्हिदची मुलगी, शाळेत परिचारिका आहे. ती कधी धावत नाही; त्या दिवशी धावत आली, आणि तिच्या हातावर पीठ तसंच होतं.

"डॅडी, एमीलचा फोन आला होता. मंगळवारी तो सुरुवात करणार!"

"कशाची?"

"कशाची काय विचारता! सामन्याची. पहिला पिचर तोच. कोचने त्याला स्वतः सांगितलं. म्हणाला, तुझं शेवटचं वर्ष आहे आणि तुझं गाव आहे, चेंडू तुझ्या हातात."

एमील हा नोएलाचा मुलगा, बावीस वर्षांचा, सेंट ओदीलमध्ये शेवटच्या वर्षाला. ओव्हिदला हे अर्थातच ठाऊक होतं. पण एमीलचं कोपराचं ऑपरेशन झाल्यापासून तो जवळजवळ बाकावरच बसून होता. चार वर्षांत मिळून त्याने चौदा डाव टाकले होते. ओव्हिदच्या लेखी सेंट ओदील म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि एमील म्हणजे एमील. हे दोन आकडे कधी एका ओळीत येतील असं त्याला वाटलंच नव्हतं.

"मी बावीस तिकिटं काढलीत," नोएला म्हणत होती. "लाफितचे मामा येतायत, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी येतायत, फादर येतायत. क्रॉफिशची तीन पोती सांगितलीत, मैदानाबाहेरच चूल लावू. डॅडी, तुम्हाला आठवतं? पाच वर्षांचा होता, मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातल्या उतारावर तुमच्या मांडीवर बसायचा, आणि तुमच्या कागदावर पेन्सिलने रेघा मारायचा. म्हणायचा, एक दिवस मी पिचरच्या त्या उंचवट्यावर उभा राहीन."

"बगळ्यांच्या कपड्यांत म्हणायचा," ओव्हिद म्हणाला.

"बगळ्यांनी घेतलं नाही त्याला. म्हणून काय झालं? उंचवटा तोच आहे ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पिठाच्या हातानेच पुसलं. ओव्हिदला तेव्हाच सांगता आलं असतं की सकाळी ट्राहान येऊन गेला. तो मूग गिळून बसला.

दुपारभर त्याने गणित केलं. गणित काही पाच मिनिटांच्या वर लागण्यासारखं नव्हतं. न खेळता आठवे. खेळून जिंकले तर अकरावे. खेळून हरले तर विचारायलाच नको. पेन्सिलीला टोक काढून त्याने ते पुन्हा केलं, मग पेन्सिल बदलून केलं. अकराचे काही दहा होईनात. आणि अकरावे म्हणजे ‘ओव्हिदचे आठ’मधला आठवा गेला, एप्रिलपासून छातीठोकपणे लिहिलेला. ल्यूशियन खुर्ची काढून घेईल, ती हसत हसत काढून घेईल. हा विचार आपल्या मनात आलाच नाही असं ओव्हिदने ठरवलं. माणूस मनाला असं बजावतो तेव्हा तो विचार आधीच येऊन गेलेला असतो.

रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर गाड्या लावायच्या मैदानात ट्राहानने त्याला गाठलं.

"काय म्हणते काठी, मिस्टर ओव्हिद?"

"खेळून जिंकलात तर अकरा. नाही खेळलात तर आठ."

"हं." ट्राहानने बुटाच्या टोकाने खडी सरकवली. "मंगळवारी गडगडाटाची शक्यता तीस टक्के आहे म्हणे."

"मेमध्ये इथे रोजच तीस टक्के असते."

"झालं तर मग." मग ट्राहान घुटमळला. "पण तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा हं. आमच्या कोचचं मत आहे की खेळूया, पोरांचा हात मोकळा राहील. त्याला निर्देशांक वगैरे कळत नाही. तुम्ही ‘खेळा’ म्हणालात तर मी ‘खेळा’ म्हणतो. माझं काय, मी सांगकाम्या."

म्हणजे दार सताड उघडं होतं. ओव्हिदने नुसतं "माझा नातू आहे रे त्यात" म्हटलं असतं तरी पुरे होतं. ट्राहान काही राक्षस नव्हता, त्याला स्वतःला तीन मुलं होती. चर्चच्या पायऱ्यांवर नोएला कोणाला तरी हातवारे करून एमीलचा चेंडू कसा वळतो ते दाखवत होती.

"काठी जे दाखवते ते मी सांगतो," ओव्हिद म्हणाला. "त्यात माझं म्हणणं कुठे येतं?"

आणि गाडीत जाऊन बसल्यावर त्याला आपल्या तत्त्वनिष्ठेचा जरासा अभिमानही वाटला. पुराच्या वर्षी जत्रेसाठी वाकलो नाही, आज नातवासाठी वाकलो नाही. फरक एवढाच होता की पुराच्या वर्षी खरं सांगून त्याला काही मिळणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता विद्यापीठाने जाहीर केलं की प्रतिकूल हवामानामुळे सेंट ओदीलविरुद्धचा सामना रद्द करण्यात येत आहे. पुन्हा खेळवला जाणार नाही. त्या वेळी शेनिएरवर असं आभाळ होतं की बाळाच्या अंघोळीला काढलेलं पाणी तेवढं स्वच्छ नसेल. वारा नाही, ढग नाही, विजेच्या तारांवर चिमण्या बसलेल्या. सेंट ओदीलची बस मोठ्या पुलापर्यंत आली होती, तिथूनच मागे वळली. एमील कोचला विचारून पुलावरच उतरला आणि कोणाच्या तरी ट्रकमध्ये बसून गावात आला.

क्रॉफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या नांगीवाल्या झिंग्यांची, तीन पोती मात्र आली होती, आणि जिवंत क्रॉफिश कोणी परत घेत नाही. नोएलाने पोती ओव्हिदच्या अंगणात उतरवली. मामांनी चूल पेटवली, मोठ्या पातेल्यात पाणी, लिंबं, मसाला, बटाटे, मक्याची कणसं पडली. लग्न मोडल्यावर वऱ्हाडी जेवून जातात तशी बावीस माणसं उभ्याउभ्या वर्तमानपत्रांवर ओतलेले लाल क्रॉफिश सोलत होती.

एमील आला तो सामन्याच्या पांढऱ्या विजारीत, वर साधा शर्ट. खांद्यावर ग्लोव्ह. नोएलाने त्याला घट्ट धरलं. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला, जणू सामना तिचाच रद्द झाला होता. मग तो ओव्हिदजवळ येऊन बाकावर बसला. दोघांनी थोडा वेळ खाल्लं.

"पॉपॉ," एमील म्हणाला, "तुम्ही एकतीस वर्षं आभाळ आणि पाणी बघितलंत. हे कुठलं हवामान आलं हो?"

ओव्हिदच्या हातातला क्रॉफिश सुटला. त्याने वर बघितलं. वर काहीच नव्हतं.

"असतं कधी कधी," तो म्हणाला. "खालून दिसत नाही. आखाताकडून वरच्या थरात ओलावा येतो. यंत्रांना कळतो. केव्हा फुटेल सांगता येत नाही. आठ मैलांच्या आत वीज दिसली की खेळ थांबवायलाच लागतो, नियमच आहे. मग आधीच रद्द केलेलं बरं."

त्याच्याच कानांना ते परकं वाटलं. हवामानाबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होता, आणि ते कोणा परगणाप्रमुखाशी नाही, तर मांडीवर वाढलेल्या पोराशी.

एमीलने त्याच्याकडे क्षणभर बघितलं.

"तुम्ही म्हणताय म्हणजे असेल," तो म्हणाला, आणि ओव्हिदपुढे एक सोललेला क्रॉफिश ठेवला. "खा, शा. गार होतंय."

‘शा’ म्हणजे लाडका. आमच्याकडे मोठे लहानांना म्हणतात. त्या दिवशी उलटं झालं.

पुढचा सोमवार उजाडला. विद्यापीठाच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता आणि गाव लोटलं होतं. ओव्हिदला पहिल्या रांगेत बसवलं. समितीने एकेक नाव घेतलं, आणि प्रत्येक नावाला ल्यूशियन ओव्हिदच्या चौकटीचं कात्रण उंच धरून बोटाने खूण करत होता. सात झाले. मग "आठवे मानांकन, शेनिएर" असं ऐकू आलं आणि छप्पर उडतंय की काय असं वाटलं. आठच्या आठ. यंदा अख्ख्या देशात असा एकटाच माणूस. ट्राहान त्याला मिठी मारून रडला, आणि कोच, ज्याला निर्देशांक कळत नव्हता, त्यानेही ओव्हिदचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

"मी आधीपासून म्हणत होतो," ल्यूशियन सगळ्यांना सांगत सुटला.

दुपारी ओव्हिद घरी आला. खरं म्हणजे झोपायचं, पण त्याने कागद काढला. मनात एक बारीक काटा होता. गेल्या चार दिवसांत नववा, दहावा, अकरावा आणि त्यांच्या मागचे तीन-चार असे सगळे संघ आपापल्या विभागीय स्पर्धांत पहिल्याच फेरीत आपटले होते. त्याने मंगळवारचा न झालेला सामना गणितात घातला. बगळे सेंट ओदीलशी खेळले आणि जिंकले असं धरलं. उत्तर आलं, आठ.

मग खेळले आणि हरले असं धरलं. त्या नऊ सामने जिंकलेल्या गरिबांनी, त्या बाकावर बसून काढलेल्या पिचरने, बगळ्यांना त्यांच्याच घरात हरवलं असं धरलं. पेन्सिल कागदावर बराच वेळ चालली.

उत्तर आलं, आठ.

ओव्हिदने कागद घडी करून खिशात घातला. त्याला पहिल्यांदाच आकड्यांचा राग आला, आणि त्या रागातही हे त्याला स्पष्ट कळत होतं की आकड्यांनी त्याला काहीच करायला सांगितलं नव्हतं. काठी पाण्यात उभी असते. कोणाला बुडवायचं ते काठी ठरवत नाही.

बुधवारी ट्राहान पुन्हा आला. या वेळी त्याने टोमॅटो बघितले नाहीत. "मिस्टर ओव्हिद, शुक्रवारी पहिल्या सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू तुम्ही टाकायचा. वरून ठरलंय. पकडायला आमचा एखादा खेळाडू देतो, किंवा तुमचं कोणी घरचं असेल तर आणा."

"नातू आहे," ओव्हिद म्हणाला. "पिचर आहे तो. सेंट ओदीलचा. त्या मंगळवारी तोच सुरुवात करणार होता."

ट्राहानचा रुमाल कपाळापाशीच थांबला. "अरे देवा," तो म्हणाला. "मिस्टर ओव्हिद, मी तर विचारलं होतं तुम्हाला."

"हो. विचारलं होतंस."

एमील आता एका काकांकडे घरोघरी एसी बसवायच्या कामावर लागला होता. ओव्हिदने फोन केला तेव्हा तो "येतो ना, पॉपॉ" एवढंच म्हणाला. शुक्रवारी तो कामाच्या निळ्या शर्टातच आला, छातीवर काकांच्या दुकानाचं नाव. ग्लोव्ह मात्र स्वच्छ पुसलेला होता.

सात हजार माणसं होती. उजव्या कोपऱ्यातल्या उतारावर चुली पेटल्या होत्या आणि धूर सरळ वर जात होता, कारण त्या दिवशीही वारा नव्हता. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक घसा खरवडून ओरडला, "मंडळी, ज्याला आधीच सगळं ठाऊक होतं, तो माणूस!" लोक उभे राहिले. ओव्हिद मातीच्या उंचवट्यावर चढला. साठ फुटांवर, पांढऱ्या पाचकोनी पाटीमागे, एमील उकिडवा बसला आणि त्याने ग्लोव्ह पुढे धरला.

उंचवटा वाटला होता त्यापेक्षा उंच होता. वरून तो उतार दिसत होता, जिथे मांडीवर बसून एक पोरगं कागदावर रेघा मारायचं. ओव्हिदने हात उचलला आणि खाली केला. मग त्याने एमीलला हाताने जवळ बोलावलं.

एमील उठून चालत आला. लोकांना वाटलं, आजोबा नातवाला आशीर्वाद देतायत. टाळ्या वाढल्या.

"हा तू टाक," ओव्हिद म्हणाला आणि चेंडू पुढे केला. "त्या दिवशी हवामान वगैरे काही नव्हतं रे. मी होतो. मला विचारलं होतं, आणि मी बोललो नाही. माझं ते आठ..."

"मला माहीत आहे, पॉपॉ."

"काय माहीत आहे?"

"ट्राहान तुम्हाला विचारल्याशिवाय बुटाची नाडी बांधत नाही, हे गावात कोणाला माहीत नाही? आणि आभाळ त्या दिवशी मीही बघितलं होतं. सबंध पुलावरून बघितलं."

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

एमीलने टोपी मागे सरकवली. "तुम्ही पहिल्यांदाच खोटं बोलत होतात. जमत नव्हतं तुम्हाला. मला बघवेना."

ओव्हिदने चेंडू त्याच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला. एमीलने त्याची बोटं चेंडूवर नीट मिटली, शिवण कुठे यावी तशी फिरवून दिली.

"नको," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला, पण आवाजात लाडही नव्हता. "मला इथून सामना टाकायचा होता. एक चेंडू नाही. टाका तुम्ही, लोक खोळंबलेत."

तो परत जाऊन पाटीमागे बसला. ओव्हिदच्या डोळ्यांपुढे सगळं ओलं झालं होतं. ग्लोव्ह दिसत होता, पण दोन दिसत होते. त्याने अंगातली होती नव्हती ती ताकद लावून चेंडू फेकला. चेंडू अर्ध्या वाटेत जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला आणि भलतीकडेच निघाला. एमीलने आडवं पडून, निळा शर्ट धुळीत घोळवून, तो कसाबसा अडवला.

"स्ट्राइक!" निवेदक गरजला, म्हणजे चेंडू अगदी पाटीवरून गेला. "मधोमध! स्ट्राइक!"

सात हजार माणसांनी जल्लोष केला. ल्यूशियन उतारावर टोपी उडवत होता, आणि पंचांनीसुद्धा हसत हसत उजवा हात वर केला. ओव्हिदने एमीलकडे बघितलं.

एमील गुडघ्यावर उठून बसला. शर्टाची धूळ न झटकता त्याने दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरले, आणि चेंडू पाटीच्या किती बाहेर गेला होता ते आजोबांना दाखवलं. दीड फूट. माप बरोबर होतं.